टीव्ही घेताना काचेमागं बघा

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात, आणि या खेपेला जवळजवळ सगळी टीव्हीबद्दलची आहेत. नौपाड्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. विकणारा टीव्ही समोरून दाखवतो, माझ्याकडे तो टेबलावर पालथा पडलेला असतो. उत्तरं त्या बाजूनं दिली आहेत, एवढं धरून वाचा.

गोखले रोडवरच्या दोन दुकानांत जाऊन आले. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशी नावं ऐकून डोकं भणभणलं. दुकानदार म्हणाला, "एलसीडी आता कोणी घेत नाही." आमच्याकडे मालिका, बातम्या आणि यूट्यूबवरची नाट्यसंगीताची जुनी रेकॉर्डिंगं बघतो. नेमकं काय घ्यावं?
— निवृत्त शिक्षिका, नौपाडा

बाई, त्या दुकानदाराच्या भिंतीवर लागलेल्या टीव्हींपैकी बहुतेक एलसीडीच असणार. आज घरगुती टीव्हीच्या जाती दोनच, एलसीडी आणि ओएलईडी. बाकीची नावं पहिल्या जातीच्या पोटातली.

एलसीडीच्या काचेत स्वतःचा उजेड नसतो. तिच्यातले बारीक ठिपके खिडकीच्या झडपांसारखे उघडझाप करतात आणि मागचा उजेड कमी-जास्त पुढे सोडतात. हा मागचा उजेड म्हणजे बॅकलाइट. पूर्वी त्यासाठी बारीक ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडी असतात. एलईडी टीव्ही म्हणतात तो हाच. साधा ४३ इंची टीव्ही उघडला की पांढऱ्या पत्र्यावर एलईडीच्या तीन-चार पट्ट्या दिसतात, प्रत्येक दिव्यावर प्लास्टिकची छोटी घुमटी. त्यावर उजेड पसरवणारा दुधी पत्रा, त्यावर दोन-तीन पातळ शीट आणि मग काच. बाकी दोन-तीन बोर्ड आणि स्पीकर. इतकंच. काही अगदी सपाट टीव्हींत पट्टी फक्त कडेला असते आणि अॅक्रिलिकच्या जाड शीटमधून उजेड आत नेतात. दिसायला नाजूक, पण कोपऱ्यात उजेड सांडतो. मला स्वतःला हा प्रकार आवडत नाही.

क्यूएलईडी म्हणजे याच रचनेत क्वांटम डॉटचा एक थर जास्त. मागे निळे एलईडी आणि त्यांच्यापुढे काही नॅनोमीटरचे कण. मोठा कण लाल उजेड देतो, लहान हिरवा. याच कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रस आणि एकिमोव्ह या तिघांना मिळालं. या थरानं रंग खरोखरच भरदार दिसतात. पण काळा रंग सुधारत नाही, कारण मागचे दिवे तसेच जळत असतात आणि झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच. मालिकेतल्या रात्रीच्या प्रसंगात काळोख राखाडी दिसतो तो यामुळे.

त्यावर उपाय म्हणजे मागचे दिवे गटागटानं मंद करणं, म्हणजेच लोकल डिमिंग. चित्राचा जो भाग काळा, तिथला गट मंद. गट जितके जास्त तितकं काम नेमकं. मिनी एलईडीत दिवे अगदी बारीक आणि पुष्कळ असतात, म्हणून गटही जास्त पाडता येतात. दुकानात या गटांना झोन म्हणतात. तेव्हा "क्यूएलईडी आहे का?" याऐवजी "लोकल डिमिंग आहे का, झोन किती?" हे विचारा. स्वस्त क्यूएलईडीत बहुधा ते नसतंच, आणि मिनी एलईडी लिहिलेल्या खोक्यातही झोन कमी निघू शकतात. झोन थोडे असतील तर काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती धुरकट वलय दिसतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर यातलं काहीही लागणार नाही. ट्यूबलाइट लावून मालिका बघणाऱ्या घरात साधा, मागून पट्ट्या असलेला ४३ इंची फोर-के एलईडी पुरे. जुनी नाट्यसंगीताची रेकॉर्डिंगं मुळातच अंधुक आहेत, त्यांना महागडं पॅनेल काय सुधारणार! उरलेल्या पैशांचा साउंडबार घ्या. सपाट टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, ते खाली तोंड करून बसवलेले असतात आणि आवाज पोकळ येतो. साउंडबार ज्या एचडीएमआय सॉकेटजवळ एआरसी लिहिलेलं असतं तिथं जोडा, म्हणजे एकाच रिमोटवर काम भागतं.

आणि दुकानात चालू असलेली ती फुलापाखरांची फिल्म बघून ठरवू नका. ती त्यासाठीच बनवलेली असते, शिवाय टीव्ही दुकानाच्या मोडवर, उजेड पूर्ण चढवून ठेवलेला असतो. पेन ड्राइव्हमध्ये रात्रीच्या दृश्याचा एक व्हिडिओ घेऊन जा, चित्राचा मोड सिनेमा किंवा स्टँडर्ड करायला सांगा आणि मग बघा. घरी पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो, घर की दुकान? तिथं घरच निवडा. बसवायला आलेला मुलगा घाईत कुठलंही बटण दाबून मोकळा होतो.

मुलाला ओएलईडीच हवाय, चित्र अप्रतिम असतं म्हणतो. पण आमचे बाबा सकाळी सातपासून मराठी न्यूज चॅनेल लावून बसतात ते जेवणापर्यंत. परत संध्याकाळी तेच. घ्यावा का?
— एक वाचक, ऐरोली

मुलाचं म्हणणं खरं आहे. ओएलईडीत मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळा म्हणजे खरोखर काळा. बाजूला बसलेल्यालाही रंग तसेच दिसतात. असे मोठे टीव्ही २०१३ पासून बाजारात आहेत. क्यूडी-ओएलईडी, म्हणजे क्वांटम डॉटची जोड दिलेली नवी पोटजात, २०२२ मध्ये आली. पॅनेल बनवणारे मुख्यतः दोघेच, एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले. नाव कुठल्याही कंपनीचं असो, काच बहुतेकदा या दोघांपैकी एकाची असते.

पण बाबा. न्यूज चॅनेलवर खाली ब्रेकिंगची लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, वर तारीख-वेळ, आणि हे सगळं दिवसभर जागचं हलत नाही. ओएलईडीतलं सेंद्रिय द्रव्य वापरानं म्हातारं होतं. पट्टीखालचे ठिपके सारखे उजळत राहिले की ते बाकीच्यांपेक्षा आधी थकतात, आणि मग सिनेमा लावला तरी खाली पट्टीची सावली दिसत राहते. हेच बर्न-इन. याला दुरुस्ती नाही, पॅनेल बदलणं हाच उपाय, आणि पॅनेलची किंमत ऐकून लोक माझ्या दुकानातून नवा टीव्ही घ्यायलाच बाहेर पडतात. वॉरंटीत बर्न-इन धरलेलं आहे की नाही, हे कागदावर वाचून घ्या. सेल्समनच्या तोंडच्या "सगळं कव्हर आहे" वर जाऊ नका.

आणखी एक. ओएलईडी टीव्ही काही तास चालला की बंद केल्यावर स्वतःच ठिपक्यांची झीज सावरून घेण्याचं काम करतो. त्यासाठी त्याला स्टँडबायवर राहू द्यावं लागतं. आपल्याकडे झोपण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त असते, आणि तुमच्या बाबांच्या वयाची माणसं ती मोडणार नाहीत. मग ते काम अर्धवट राहतं.

हॉलमध्ये एलसीडी जातीतलाच घ्या, लोकल डिमिंगवाला मिळाला तर उत्तम. मुलाचा हट्टच असेल तर ओएलईडी त्याच्या खोलीत, पडदे ओढून. तिथंच त्याची खरी किंमत वसूल होते.

नवीन फोर-के टीव्ही घेतला, पण केबलचे चॅनेल जुन्या टीव्हीपेक्षा धुरकट दिसतात. यूट्यूब मात्र झकास. टीव्ही फॉल्टी आहे का?
— एक वाचक, कळवा

नाही. साधा एसडी चॅनेल येतो ७२० बाय ५७६ ठिपक्यांत, म्हणजे चार लाखांच्या आसपास. तुमचा पडदा ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. टीव्हीला आलेल्या एका ठिपक्याचे वीस करून पसरावे लागतात. जुना टीव्ही लहान होता, त्यात हे झाकून जायचं.

आता उठा आणि सेट-टॉप बॉक्सच्या मागे बघा. तिथं पिवळी-लाल-पांढरी वायर असेल तर ती काढून फेका आणि एचडीएमआय केबल लावा. एचडी पॅकचे पैसे भरणारी कितीतरी घरं चित्र अजून पिवळ्या वायरीतून बघतात, आणि त्या वायरीतून एचडी येतच नाही. बॉक्स एचडी आहे का, आणि त्याच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडलंय का, तेही तपासा. एवढं करून जे चॅनेल मुळात एसडी आहेत ते तसेच राहतील. शार्पनेस वाढवत बसू नका, त्यानं चेहऱ्यांना पांढऱ्या कडा येतात.

पाम बीच रोडला पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट आहे. दुपारनंतर हॉलमध्ये ऊन भरतं आणि टीव्हीत आम्हीच दिसतो. सोफा एल आकाराचा, सासूबाई कायम आडव्या बाजूला बसतात आणि रंग उडालेले दिसतात म्हणतात.
— गृहिणी, नेरूळ

ताई, तुमच्या सासूबाईंची नजर चोख आहे. एलसीडी पॅनेलचे दोन मोठे प्रकार. व्हीए पॅनेलमध्ये काळा चांगला, समोर बसलात तर चित्र खोल दिसतं, पण बाजूनं बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेल बाजूनंही नीट दिसतं, पण रात्री अंधारात काळा राखाडी वाटतो. तुमच्याकडे हॉल उजेडाचा आणि माणसं दोन्ही बाजूंना, तेव्हा आयपीएस. खोक्यावर हे सहसा लिहीत नाहीत. दुकानात टीव्हीच्या समोर उभं राहा, मग चालत अगदी कडेला जा आणि पडद्यावरच्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग बघा. पांढुरका झाला तर व्हीए.

उन्हाचं म्हणाल तर आधी टीव्हीची जागा बदला. बाल्कनीच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही लावणं हा आपल्या इंटिरियरवाल्यांचा आवडता उद्योग आहे. बाल्कनी बाजूला येईल अशी भिंत शोधा. ते जमत नसेल तर जाड पडदा आणि जास्त उजेडाचा टीव्ही. अशा खोलीत मिनी एलईडीला ओएलईडीपेक्षा झुकतं माप द्यावं.

सेल्समन म्हणतो मोशन रेट २४०, क्रिकेटला बॉल स्पष्ट दिसेल. खरं का?
— कॉलेजचा विद्यार्थी, वाशी

तो आकडा जाहिरातीचा. विचार, पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्यानं उमटतं तो आकडा, किती, ६० की १२० हर्ट्झ? आपल्याकडचं क्रिकेटचं प्रक्षेपण सेकंदाला ५० च्या हिशेबानं येतं, त्याला ६० वाला पुरतो. नव्या गेमिंग कन्सोलवर खेळणार असशील तरच १२० हर्ट्झ आणि एचडीएमआय २.१ यांना पैसे मोज. आणि सिनेमा बघताना मोशन स्मूदिंग बंद कर. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, मधली चित्रं टीव्हीनं पदरची घातली की सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं.

घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये राहायला गेलो. सोफ्यापासून भिंत नऊ फूट. ५५ घ्यावा की ६५? भिंतीवर लावणं सुरक्षित आहे ना? किमती उतरल्यात असंही ऐकतो.
— एक दांपत्य, ठाणे पश्चिम

शेवटापासून सुरू करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ आणि त्याखालच्यांवर तो आधीपासूनच १८ होता. म्हणजे तुमच्या आकारात फरक पडलाय.

आकाराचा ढोबळ हिशेब असा: इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, आणि बसायचं अंतर त्याच्या दीडपट ते दुप्पट. नऊ फूट म्हणजे १०८ इंच, तेव्हा ५४ ते ७२ मध्ये काहीही चालेल. ५५ वाल्याची रुंदी चार फूट, ६५ वाल्याची पावणेपाच फुटांच्या जवळ. हे आकडे डोक्यात नीट उतरत नाहीत. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून त्या मापाचा चौकोन भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. बायकोनं तो काढून टाकला नाही तर ६५ घ्या.

उंची मात्र सांभाळा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात, पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. बसवणारे पाच फुटांवर ठोकून जातात कारण त्यांना उभ्यानं ड्रिल मारायला सोपं पडतं, आणि घरचे मग वर्षभर मान चोळतात.

भिंत कशाची आहे ते बिल्डरच्या माणसाकडून कळून घ्या. नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी अख्खी भिंत काँक्रीटची असते. तिला हॅमर ड्रिल लागतं आणि आतून वायरींचे पाइप गेलेले असतात, म्हणून स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ठोकळ्यांची असेल तर साधा प्लास्टिकचा गुट्टा धरत नाही, त्या ठोकळ्यांसाठीचे वेगळे फास्टनर लागतात. जिप्सम पार्टिशनवर तर मागे प्लायवूड दिल्याशिवाय टीव्ही टांगूच नका. मी स्वतः लाकडी युनिटवर स्टँडला ठेवलेला टीव्ही पसंत करतो. मागची वायर काढायची वेळ आली की माझ्यासारख्याचे हात पोचतात.

६५ चं खोकं सव्वापाच फुटांच्या घरात जातं. सर्व्हिस लिफ्टचा दरवाजा आधी मापून घ्या. खोकं उभंच आणायचं, आडवं निजवलं तर काचेला वाकण बसते. आणि डिलिव्हरीवाल्यासमोर चालू करून बघितल्याशिवाय सही करू नका.

तीन वर्षांचा ४३ इंची टीव्ही. आवाज येतो, चित्र गेलं. मेकॅनिक म्हणाला पॅनेल गेलं, नवाच घ्या. खरंच घ्यावा?
— एक वाचक, कोपरखैरणे

थांबा. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टीव्ही चालू करा आणि मोबाइलचा टॉर्च काचेला अगदी टेकवून, थोडा तिरका धरा. आत पुसटशी माणसं हलताना दिसली तर पॅनेल धडधाकट आहे, गेलाय तो मागचा उजेड.

या पट्ट्यांतले दिवे एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक मणी उडाला की अख्खी ओळ काळी. दुरुस्तीत एकच मणी बदलू देऊ नका, पूर्ण संच टाकायला सांगा. बाकीचेही तितकेच थकलेले असतात आणि दोन महिन्यांत परत तेच होतं. नव्या टीव्हीच्या मानानं हा खर्च किरकोळ. मात्र त्यासाठी काच बाहेर काढावी लागते, आणि काच चिरली तर भरपाई कोण देणार हे आधी लेखी ठरवा. चांगला कारागीर यावर चिडत नाही.

पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर मघाशी सांगितलेल्या घुमट्या सुटून पडल्यात, तेही होण्यासारखं काम आहे. चित्र निळं-जांभळं झालं असेल तर एलईडी म्हातारे झालेत. उभ्या रेघा असतील तर प्रकरण पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या चपट्या वायरींचं, म्हणजे रिबनचं. बाँडिंग करून, म्हणजे रिबन परत चिकटवून बघतात, पण मी त्याची हमी देत नाही. आणि काच फुटली असेल तर खरंच नवा घ्या.

बॅकलाइट लवकर जाण्याचं मोठं कारण म्हणजे तो कायम शंभरवर ठेवलेला असतो. नव्या पट्ट्या टाकल्यावर व्हिव्हिड हा भडक चित्राचा मोड काढा आणि बॅकलाइट पन्नास-साठवर आणा. दोन दिवस फिकं वाटेल, मग डोळे सरावतात.

खाडीच्या हवेत आणि ओल धरलेल्या भिंतीवर बोर्ड गंजतात, तेव्हा भिंत आणि टीव्ही यांत वारं खेळेल एवढी जागा सोडा. काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारू नका. तो ओघळून खालच्या कडेला जमतो, आणि त्या रिबन बहुतेकदा तिथंच असतात. कोरडं, मऊ फडकं पुरे. डाग असेल तर फडकं किंचित ओलं करा.

माळ्यावर २१ इंची जुना डबा टीव्ही आहे. भंगारवाला फुकट न्यायला तयार आहे. द्यावा का?
— एक वाचक, विटावा

देऊ नका. तो पिक्चर ट्यूब फोडून तांबं काढतो आणि काच नाल्यात टाकतो, आणि त्या काचेत शिसं असतं. स्वतः उघडायच्या फंदातही पडू नका, प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये जोरदार झटका देण्याइतका करंट साठलेला असू शकतो. सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येत असेल तर सेक्रेटरींकडून तारीख घ्या. नाहीतर नवा घेताना एक्स्चेंजमध्ये द्या, भाव नावापुरताच मिळेल.